हातात कासरा नाही: चार कुत्र्यांची स्लेड घेऊन पहिल्या शर्यतीत उतरताना

स्लेडवर, म्हणजे बर्फावरून कुत्री ओढतात त्या घसरगाडीवर, उभं राहिल्यावर हातात धरायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे स्लेडचा दांडा. लगाम नाही, कासरा नाही, वेसण नाही. पुढे वीस-बावीस किलोची चार कुत्री जीव तोडून ओढत असतात. त्यांना उजवीकडे वळवायचं, डावीकडे वळवायचं किंवा समोरून येणाऱ्या टीमला टाळून सरळ न्यायचं, ते सगळं फक्त आवाजावर. माझं लहानपण विदर्भात शंकरपट बघण्यात गेलं. आजोबांच्या छकड्यावर धुरकरी बसायचा, त्याच्या मुठीत कासरा घट्ट असायचा आणि बैलाला ती ओढ मानेपर्यंत कळायची. अलास्कातल्या फेअरबँक्सला आल्यावर पहिल्यांदा कुत्र्यांची स्लेड पाहिली, तेव्हा सगळ्यांत आधी माझी नजर कासरा शोधत होती. तो नसतो, हे समजून घेणं हाच या खेळाचा पहिला धडा आहे. बाकी सगळी तयारी त्यातूनच निघते.

फेअरबँक्सच्या उत्तरेला फार्मर्स लूप रोडवर जेफ स्टडर्ट रेसग्राउंड्स हे शर्यतीचं मैदान आहे. अलास्का डॉग मशर्स असोसिएशन ही मशरांची, म्हणजे कुत्र्यांची स्लेड हाकणाऱ्यांची, संस्था १९४८ पासून शर्यती भरवते. मार्चमध्ये होणारी ओपन नॉर्थ अमेरिकन ही मोठी शर्यत त्याहूनही जुनी, १९४६ पासूनची. त्यात एकेका स्लेडला पंधरा-वीस कुत्री असतात आणि तीन दिवस पळावं लागतं. हा लेख त्या शर्यतीबद्दल नाही. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी चार कुत्र्यांच्या गटात जी छोटी शर्यत होते, तिच्यात पहिल्यांदा उतरू पाहणाऱ्यासाठी तो आहे. सर्वसाधारण हिशेब कुत्र्यामागे एक मैल असा असतो, म्हणजे चार कुत्र्यांना चार मैल, फार तर सहा. पंधरा-वीस मिनिटांत शर्यत संपते. तयारीला मात्र दीड वर्ष धरा.

आधी एक हिवाळा दुसऱ्याच्या अंगणात

कुत्री विकत घेऊन सुरुवात करू नका. हे मी शक्य तितक्या ठामपणे सांगते. ज्याच्याकडे वीस-तीस कुत्री आहेत अशा मशरकडे एक पूर्ण हिवाळा हँडलर, म्हणजे कुत्र्यांचा मदतनीस, म्हणून काम करा. शेण उचलायचं, उणे तीस अंशांत बादल्या वाहायच्या, पेंढा बदलायचा, हार्नेस (ओढण्यासाठी कुत्र्याच्या अंगात घालायचे पट्टे) घालायचे, काढायचे, वाळत टाकायचे. या कामात कुत्र्याची चाल डोळ्यांत बसते. एखादं कुत्रं पुढचा डावा पाय किंचित हलका टाकतंय, हे पुस्तकातून कळत नाही. रोज तेच कुत्रं पाहिलं की कळतं.

इथे ही विद्या मुळात अथाबास्कन लोकांची आणि किनाऱ्यावरच्या इनुपियाक व युपिक या मूळ रहिवाशांची आहे. नदीकाठच्या गावांत कुत्र्यांच्या जोरावर लाकूड, मासे आणि टपाल वाहिलं जाई. हुस्लिया गावच्या जॉर्ज अटला यांना लहानपणी क्षयरोगाने गाठलं आणि एक गुडघा कायमचा ताठ झाला. त्या पायावर उभं राहून त्यांनी अँकरेजची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत दहा वेळा जिंकली. शेवटच्या वर्षांत ते गावातल्या मुलांना कुत्री सांभाळायला आणि पळवायला शिकवत होते. बाहेरून येणाऱ्याने शिकायला आधी हँडलर व्हावं, असं मला वाटतं त्याचं एक कारण हेही आहे: ज्यांची ही विद्या आहे त्यांच्या अंगणात आधी काम करावं.

चार कुत्री कोणती

शर्यतीत पळणारं कुत्रं बहुतेक वेळा अलास्कन हस्की असतं. ही कागदोपत्री जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या कामावरून निवडलेला हा संकर आहे. निळ्या डोळ्यांचा, दाट केसांचा सायबेरियन हस्की चित्रात शोभतो आणि काही जण त्याचीही टीम हौसेने पळवतात. पण वेगाच्या शर्यतीत सडपातळ, लांब पायांचं, आखूड केसांचं कुत्रं पुढे जातं. त्यात पॉइंटर या शिकारी कुत्र्याचं रक्तही मिसळलेलं असतं.

नवख्याने एकच गोष्ट आग्रहाने मागावी: म्हातारा लीडर, म्हणजे सगळ्यांच्या पुढे पळून हुकूम ऐकणारं कुत्रं. आठ-नऊ वर्षांचं, मोठ्या टीममधून निवृत्त होऊ घातलेलं कुत्रं. त्याला वळणं माहीत असतात, दुसऱ्या टीमच्या बाजूने कसं निघायचं ते माहीत असतं, आणि तुमचा हुकूम चुकला तर ते क्षणभर थांबून मागे बघतं. १९२५ साली नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा फेअरबँक्सपासून जवळच असलेल्या नेनाना स्टेशनवरून त्यावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) निघालं. वीस मशरांनी हातोहात ६७४ मैल पार करून ते पोहोचवलं. त्यातला सर्वांत कठीण टप्पा लिओनहार्ड सेप्पाला यांनी केला, आणि त्यांचा लीडर टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. पाय थकले तरी डोकं शाबूत असतं. चार मैलांच्या शर्यतीला असं डोकं पुरेसं आहे.

चारांत पुढची जोडी लीडरची आणि मागची, स्लेडला लागून असलेली, व्हील डॉगची. व्हीलला शांत आणि भक्कम कुत्री हवीत. वळणावर स्लेड आडवी खेचली जाते, तो झटका तेच सोसतात. स्लेडच्या आवाजाला घाबरणारं कुत्रं तिथे कधीही लावू नका. म्हाताऱ्या लीडरच्या जोडीला एक तरुण, शिकाऊ कुत्रं द्या. लीडर असाच तयार होतो.

नावांबद्दल थोडं. मला पहिल्या दोन पिल्लांची नावं आजोबांच्या बैलांची, ढवळ्या आणि पवळ्या ठेवायची होती. ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी थांबवलं. दोन्ही नावांचा शेवट सारखा, वाऱ्यात कुत्र्याला फरक कळत नाही. पुढे एका पिल्लाचं नाव मी ‘जीवा’ ठेवलं. उजवीकडे वळण्याचा हुकूम ‘जी’. जीवाला हाक मारली की लीडर उजवीकडे वळायचा. ते नाव बदलावं लागलं. एक-दोन अक्षरी, एकमेकांपासून आणि हुकमांपासून वेगळी नावं ठेवा.

दोऱ्या आणि हुक

स्लेड हलकी घ्या. लाकडी किंवा ॲल्युमिनियमची, खाली रनरवर, म्हणजे स्लेड ज्यांवर घसरते त्या दोन लांब पट्ट्यांवर, बदलता येणारी प्लास्टिकची पट्टी असलेली. नव्या स्लेडवर पैसे घालण्यापेक्षा दोऱ्यांवर लक्ष घाला. मी पाहिलेले बहुतेक अपघात दोरीत किंवा हुकात सुरू झाले.

स्लेडपासून पुढे मधोमध जाते ती गँगलाइन. प्रत्येक कुत्र्याच्या हार्नेसचं शेपटीकडचं टोक टगलाइनने तिला जोडलेलं असतं. ओढण्याचं सगळं काम हिच्यावर. गळपट्ट्यापासून गँगलाइनपर्यंत एक छोटी नेकलाइन असते. ती ओढायला नसते, कुत्र्याला रांगेत ठेवायला असते. दोन लीडरांच्या गळपट्ट्यांना एकमेकांशी जोडणारीही एक छोटी दोरी असते. हार्नेस अंगाला नीट बसला पाहिजे: गळ्याशी दोन बोटं सरकतील इतका घट्ट, बरगड्यांवर सपाट आणि काखेत न घासणारा. काखेतले केस गेलेले दिसले तर हार्नेस चुकीचा आहे, कुत्रं नाही.

थांबवण्यासाठी तीन साधनं असतात. पायाखाली रबराची ड्रॅग मॅट असते, तिच्यावर पाय ठेवला की वेग कमी होतो. लोखंडी दातांचा ब्रेक पूर्ण वजनाने दाबला की थांबता येतं. आणि स्नो हुक, म्हणजे दोन नांग्यांचा गळ, बर्फात टाचेने ठोकून बसवायचा. यातलं तिसरं साधन सगळ्यांत फसवं. घट्ट दाबलेल्या पायवाटेवर हुक चार कुत्र्यांना धरतो. भुसभुशीत बर्फात तो धरल्यासारखा दाखवतो आणि कुत्र्यांनी एकदा उडी मारली की सुटतो.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी सहा कुत्री घेऊन गेले होते. गुंता सोडवायला हुक ठोकून पुढे गेले. हुक पायवाटेच्या कडेच्या मऊ बर्फात ठोकला होता. गुंता सुटताच टीमने झेप घेतली, स्लेड माझ्या मांडीला घासून गेली आणि सहाही कुत्री दिसेनाशी झाली. मी पाऊण तास धावत, चालत राहिले. पुढच्या वळणावर एका म्हाताऱ्या मशरने ती अडवून झाडाला बांधून ठेवली होती. एका कुत्रीच्या पायात दोरी गुंडाळली गेली होती, तिचा घोटा आठवडाभर सुजलेला राहिला. तेव्हापासून मी दोन नियम पाळते. हुक नेहमी पायवाटेच्या मधोमध ठोकायचा. आणि झाड हाताशी असेल तर हुकावर विसंबायचं नाही, स्लेडला बांधलेली दोरी झाडाला घालायची.

एक नियम याहून जुना आहे आणि कोणताही मशर तुम्हाला पहिल्या दिवशी तोच सांगेल: स्लेड सोडायची नाही. पडलात, फरपटलात, तोंडात बर्फ गेलं, तरी दांडा सोडू नका. मोकळी सुटलेली टीम रस्त्यावर जाऊ शकते, दुसऱ्या टीमवर जाऊ शकते, गुंत्यात कुत्रं गुदमरू शकतं.

हुकूम

चित्रपटांत ऐकलेला ‘मश’ इथे कुणी वापरत नाही. निघायला ‘हाइक’. उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’. पुढे जात राहा, लक्ष देऊ नका, याला ‘ऑन बाय’. हळू ‘ईझी’, थांब ‘व्होआ’. लीडरने दोरी ताणून उभं राहावं यासाठी ‘लाइन आउट’. आपल्या कानांना ‘जी’ होकाराचा, आदराचा वाटतो, म्हणून सुरुवातीला माझा सूर खाली जायचा. हुकूम स्पष्ट आणि थोडा उंच सुरात द्या, वळणाच्या आधी तीन-चार कुत्र्यांच्या लांबीवर. उशिरा दिलेला हुकूम म्हणजे न दिलेला हुकूम.

मराठीत हुकूम द्यावेत का, असं मला विचारतात. स्वतःची कुत्री असतील तर द्या, कुत्र्याला भाषेचं काही नाही. पण तुमची टीम सुटली आणि दुसऱ्या कुणी ती थांबवायची वेळ आली, तर त्याचे शब्द तिला कळायला हवेत. मी हुकूम इथलेच ठेवले आहेत. शाबासकी मात्र मराठीत देते.

आणि कमी बोला. नवखा माणूस घाबरून सतत ‘हाइक, हाइक’ करत राहतो. दहा मिनिटांत कुत्र्यांना तो आवाज वाऱ्यासारखा वाटू लागतो आणि खरा हुकूम त्यात हरवतो.

सप्टेंबर ते जानेवारी

सराव बर्फाआधीच सुरू होतो. सकाळचं तापमान दहा अंशांच्या खाली आलं की एटीव्ही, म्हणजे चार चाकांची गाडी, गिअरमध्ये ठेवून तिला टीम जुंपायची. त्याआधी नको. ही कुत्री उष्णतेने मरतात, थंडीने क्वचितच. सुरुवातीला दीड-दोन मैल, हळू, मध्ये दोनदा थांबून पाणी. आठवड्यात तीन-चार दिवस. ऑक्टोबरअखेरपर्यंत चार-पाच मैलांवर या. गाडीचा फायदा असा की ती जड असते आणि तिला खरा ब्रेक असतो, त्यामुळे थांबणं आणि वाट पाहणं शिकवायला हाच काळ उत्तम.

बर्फ पडल्यावर स्लेड येते आणि वेग अचानक वाढतो. पहिले दोन आठवडे ड्रॅग मॅटवरचा पाय काढू नका. डिसेंबरच्या अखेरीस फेअरबँक्समध्ये दिवस पावणेचार तासांचाही नसतो, नोकरी करणाऱ्याचा सगळा सराव हेडलॅम्पवर होतो. तेव्हा कुत्र्यांच्या पाठीवरून उठणारी वाफ दिव्यात दिसते. ती चारही पाठींवरून सारखी उठते का, ते बघायची मला सवय लागली आहे.

शर्यतीच्या अंतरापेक्षा थोडं जास्त पळवा, पण प्रत्येक वेळी पूर्ण वेगाने नाही. दहा दिवसांत एकदाच जोरात, बाकी सगळं आरामात. आणि प्रत्येक फेरी कुत्र्यांना अजून पळावंसं वाटत असतानाच संपवा. दमून घरी आलेलं तरुण कुत्रं पुढच्या वेळी हार्नेस पाहून बसून राहतं, आणि ती नाराजी काढायला एक हंगाम जातो.

सरावातल्या निदान दहा फेऱ्या दुसऱ्या टीमबरोबर करा. एकट्याच्या पायवाटेवर उत्तम पळणारी टीम शर्यतीत दुसरी कुत्री दिसताच गोंधळते. मित्राला सांगून मुद्दाम एकमेकांना ओलांडा, समोरून या, शेजारी थांबा.

खाणं, पाणी, पाय

लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक कुत्रं दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी खातं. चार मैलवाल्याला तेवढं लागत नाही, पण आहार चरबी आणि मांसाचाच. चांगलं कोरडं खाद्य, त्यावर मांस किंवा मासे, आणि थंडी वाढली की चरबी वाढवायची. युकॉन नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांना वाळवलेला चम सामन मासा घातला जायचा, त्याला डॉग सामनच म्हणतात. २०२१ मध्ये नदीत चम इतके कमी आले की मासेमारी बंद ठेवावी लागली. गावांतल्या कुत्र्यांची संख्या टिकवणं त्यामुळे आणखी अवघड झालं आहे. शर्यतीच्या बातम्यांत हे क्वचित येतं, म्हणून इथे लिहिते.

पाण्याकडे खाण्याहून जास्त लक्ष द्या. हिवाळ्यात कुत्रं साधं पाणी पीत नाही. कोमट पाण्यात थोडं मांस किंवा माशाचं पाणी मिसळा, मग ते भांडं चाटून पुसून देतं. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश खाली बसली तर त्या कुत्र्याला पाणी कमी पडतंय.

पाय रोज तपासा. बोटांच्या मधली त्वचा, नखांची मुळं, तळव्याच्या गादीवरच्या चिरा. फार थंडीत बर्फाचे कण वाळूसारखे खरखरीत होतात, थंडी कमी झाली की बोटांच्या मध्ये बर्फाचे गोळे धरतात. दोन्हींवर उपाय बूटी, म्हणजे कापडी मोजे. वेल्क्रो मनगटाशी एवढाच आवळा की बोट आत जाईल. घरी पोचताच बूटी काढायच्या. त्या तशाच राहिल्या तर पाय सुजतो.

शर्यतीचा दिवस

आदल्या संध्याकाळी पूर्ण जेवण द्या, त्यानंतर घन अन्न काही नाही. पोट भरलेलं कुत्रं नीट पळत नाही आणि पायवाटेवर शी करायला थांबतं. लसीकरणाचे कागद पिशवीत घाला: रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर, खोकल्याची लस. एका टीमचा आजार मैदानावरच्या शंभर कुत्र्यांत पसरू शकतो.

सुरुवातीच्या दोन तास आधी प्रत्येकाला अर्धा ते पाऊण लिटर मांसाचं कोमट पाणी. मग ट्रकभोवती आखूड साखळीला बांधून त्यांना शी-शू उरकू द्या. तुम्ही मशरांच्या बैठकीला जा. ती चुकवू नका. पायवाटेवर कुठे ओला बर्फ आहे, कुठल्या वळणावर मूस (इथलं प्रचंड हरीण) दिसला, फाटा कुठे आहे, हे तिथेच सांगतात. थंडी ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली तर शर्यत पुढे ढकलतात, तेही तिथेच कळतं. क्रमांकाचा बिब घ्या आणि तुमच्या आधी व नंतर कोण सुटणार ते लिहून ठेवा. टीम एक-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. मागून येणारा वेगवान असेल तर तुम्हाला कधी बाजूला व्हावं लागेल, त्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

स्लेडच्या पिशवीत जखमी किंवा थकलेलं कुत्रं मावायलाच हवं. पिशवी बंद करता आली पाहिजे आणि कुत्र्याचं डोकं बाहेर राहिलं पाहिजे. सोबत जादा नेकलाइन, दोन-चार बूटी आणि दोरी कापायचा चाकू ठेवा. चाकू पिशवीत नको, अंगावर ठेवा.

पंधरा मिनिटं उरली की हार्नेस घाला, त्याआधी नको. हार्नेस दिसला की चौघं उड्या मारू लागतात आणि अंगातला जोर तिथेच संपवतात. स्लेड ट्रकला दोरीने बांधलेली, हुकही ठोकलेला, गँगलाइन पुढे पसरलेली. कुत्र्याला आणताना गळपट्टा धरून पुढचे पाय उचला, मागच्या दोन पायांवर ते उड्या मारत येतं. चारही पाय जमिनीवर असतील तर ते तुम्हाला ओढत नेईल. आधी लीडर लावा आणि एका हँडलरला त्यांच्यापाशी उभं करा. मग व्हील. नेकलाइन आधी, टगलाइन शेवटी, कारण टग लागली की कुत्र्याला सगळा जोर मिळतो. काढताना उलट, टग आधी.

इथून सुटण्याच्या रेषेपर्यंतची चालच माझ्या मते सर्वांत धोक्याची. चार कुत्र्यांसाठी निदान दोन हँडलर घ्या. तुम्ही ब्रेकवर दोन्ही पायांनी उभे राहा, ते गँगलाइन धरून चालतील. त्यांना आधीच सांगा की पडलात तर बाजूला लोळा, दोरी धरून राहू नका.

रेषेवर पोचल्यावर वेळ असेल तर पुढे जाऊन प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवा. मी शेवटी लीडरजवळ जाते. मग स्लेडवर. उलटी मोजणी शून्यावर आली की ब्रेक सोडा. पहिली अर्धी मिनिट कुत्र्यांना काही सांगायची गरज नसते, तेव्हा तुमचं काम फक्त टिकून राहणं. पहिल्या वळणाला आतल्या बाजूला झुका, बाहेरचा रनर हलका करा, गुडघे वाकवा.

पायवाटेवर

चढावर उतरून धावा किंवा एका पायाने ढकला. कुत्र्यांना स्लेड हलकी झालेली लगेच कळते. उतारावर ड्रॅग मॅट वापरून गँगलाइन ताणलेली ठेवा. ती सैल पडली की व्हील डॉगच्या पायात येते, आणि वेगातल्या स्लेडने मागच्या कुत्र्याला धडक दिली तर ते पुन्हा कधीच मन लावून ओढत नाही.

मागून कुणी आलं तर ‘ट्रेल’ अशी हाक ऐकू येईल. वाट द्यायची. ब्रेक दाबा, टीम एका कडेला ठेवा, गरज पडली तर पूर्ण थांबा. तुमची कुत्री त्यांच्याकडे वळली तर जबाबदारी तुमची. ते गेल्यावर थोडं अंतर जाऊ द्या. बहुतेक वेळा पुढची टीम पाहून तुमची कुत्रीच जोमाने पळू लागतात. तुम्ही ओलांडत असाल तर ‘ऑन बाय’ एकदाच, ठाम सुरात, आणि थांबू नका. शेवटच्या टप्प्यात मात्र वाट देण्याचं बंधन नसतं. त्याची सुरुवात फलकाने दाखवलेली असते, ती आदल्या दिवशी पायवाट बघताना लक्षात ठेवा.

गुंता झाला की आधी थांबा, हुक ठोका, मगच पुढे जा. आधी गळ्यापाशी बघा. गळ्याला दोरी ताणलेली असेल आणि हाताने सुटत नसेल तर कापा. दोरीच्या किमतीचा विचार करत थांबू नका.

मूस म्हणजे घोड्याहून उंच, पाचशे किलोचं हरीण. फेब्रुवारीत बर्फ खोल झालं की त्यालाही आपली दाबलेली पायवाट हवी असते, आणि कुत्री त्याला लांडग्यांसारखी वाटतात. १९८५ च्या इडिटरॉड या अलास्कातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत आघाडीच्या मशर सुझन बुचर यांच्या टीमवर मूसने हल्ला केला, दोन कुत्री मेली, इतर जखमी झाली आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. मूस दिसला की दूर थांबा, त्याला जायला वेळ द्या, नाही गेला तर टीम वळवा. वेळ गेला तर जाऊ द्या.

कुत्र्यांकडे बघत राहा. कान, शेपटी, टगलाइनचा ताण. एखाद्याची टग सैल पडली, मागचा भाग डुलू लागला, जीभ रुंद होऊन बाजूला लोंबली, तर ते तापलंय किंवा काही दुखतंय. उणे पाच अंशांपेक्षा जास्त तापमानात हे लवकर होतं. थांबा, पोटाला आणि मांड्यांच्या आत बर्फ चोळा, कुत्र्याला पिशवीत घ्या. नियमानुसार सुटताना जेवढी कुत्री होती तेवढी सगळी परत यावी लागतात, धावत किंवा पिशवीत. पिशवीत कुत्रं घेऊन शेवटच्या रेषेवर येण्यात कमीपणा नाही. मी दोनदा तशी आले आहे.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती उठली. तेव्हा प्राण्याला किती त्रास, हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. इथेही तो विचारतात आणि विचारायलाच हवा. माझं उत्तर एवढंच आहे की मी पराणी धरत नाही, चाबूक धरत नाही, आणि ज्या कुत्र्याला हार्नेस पाहून उठावंसं वाटत नाही त्याला मी जुंपत नाही.

रेषेनंतर

पहिल्या कुत्र्याचं नाक रेषेला लागलं की वेळ थांबते. ट्रकपाशी येताच टगलाइन सोडा, बूटी काढा, प्रत्येकाला थोडं मांसाचं पाणी आणि चरबीचा एक तुकडा द्या. जेवण तास-दीड तासाने, श्वास पूर्ण शांत झाल्यावर. तोवर चौघांचे पाय, मनगटं आणि खांदे हाताने चाचपून बघा. खांदा मागे-पुढे हलवताना कुत्रं मान वळवून तुमच्याकडे बघतं तिथे दुखतंय, असं समजा. दिसेल ते वहीत लिहा: तापमान, बर्फ कसं होतं, कोण कुठल्या जागी होतं, कुणाची टग कधी सैल पडली. पुढच्या हंगामात हीच वही उपयोगी पडते.

बहुतेक शर्यती दोन दिवसांच्या असतात आणि दोन्ही दिवसांच्या वेळा एकत्र धरतात. म्हणून रात्री ट्रकवरच्या कुत्र्यांच्या खोक्यांत भरपूर पेंढा घाला, आणि झोपण्यापूर्वी प्रत्येकाला एकदा बाहेर काढा. सकाळी ट्रकमधून उतरताना कोण कसं उतरतं ते बघा. पहिल्या चार पावलांत लंगडणं दिसतं, नंतर अंग तापल्यावर ते लपतं. शंका असेल तर त्या कुत्र्याला खोक्यातच राहू द्या. चारच्या गटात तीन कुत्री घेऊनही उतरू देतात. व्हीलला एकच भक्कम कुत्रं लावा, त्याच्या दुसऱ्या बाजूची टगलाइन काढून ठेवा, म्हणजे ती कुणाच्या पायात येणार नाही.